मरळीची उजवी बाजू

मामांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून बघायचे. भाकरी, लग्नाची पत्रिका, औषधाची पट्टी, काहीही. पहिल्यांदा भेटले तेव्हा मी त्यांच्या हातात आमच्या समितीचं पत्रक ठेवलं होतं. 'तलाव कोणाच्या बापाचा?' असा मथळा होता, मीच दिलेला, आणि त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान होता. मामांनी मथळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"हितं काय न्हाय की," ते म्हणाले.

"मागे काही नसतंच मामा. पुढचं वाचा."

"पुडचं समदेच वाचतेत," असं म्हणून त्यांनी पत्रकाची घडी केली आणि गांडुळांच्या डब्याखाली ठेवली. डबा डुगडुगत होता, तो नीट बसला.

आमच्या वस्तीमागच्या तलावावर तुमच्यापैकी जे सकाळी चालायला येत होते, त्यांनी मामांना नक्की पाहिलंय. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगात बाह्यांचा बनियन, सायकलच्या कॅरिअरला रबरानं बांधलेली काचेची अरुंद पेटी. बऱ्याच जणांना वाटायचं की हा म्हातारा घरात ठेवायचे रंगीत मासे विकतो. एका बाईंनी तर माझ्यासमोर त्यांना विचारलं, "गोल्डफिश कसा दिला?" मामा म्हणाले, "गोल्डफिश गेला दुबईला. ही चिलापी हाय, फोटोला बसलीया."

फोटो म्हणजे चित्र. मामा गळ टाकून मासा धरायचे, त्याचं चित्र काढायचे आणि मासा परत पाण्यात सोडायचे. एवढंच त्यांचं काम. गळाच्या काट्याला उलटा दात असतो ना, मासा निसटू नये म्हणून, तो त्यांनी कानशीनं घासून टाकलेला होता. त्यामुळे निम्मे मासे तसेही निसटायचे. निसटला की मामा तेलुगूत शिव्या द्यायचे. मराठीत का देत नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "हितले मासे मराठी हायती. राग यील की त्यास्नी."

घरात तेलुगू, बाहेर मराठी, अशी त्यांची पिढी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढण्यात घालवली होती. बारीक चौकटींचा मोठा कागद, एकेक चौकट रंगवायची आणि त्यातून मोर उभा करायचा. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात, पत्ते मागावर चढतात, आणि चादरीवर मोर उतरतो. पण गंमत अशी की मोर पूर्ण काढायचाच नसतो. अर्धी नक्षी काढायची. उरलेली अर्धी माग आरशासारखी उलटी विणतो.

"जिंदगीभर अर्धा मोर काडला मी," मामा म्हणायचे. "अर्धं कमळ, अर्धा हत्ती. दुसरा अर्धा मागानं काडला. त्याला काय अक्कल? इकडं जे हाय तेच तिकडं."

मग कारखान्यात संगणक आला आणि मामा घरी आले. पुढं मासे सुरू झाले, आणि माशांच्या बाबतीत त्यांनी एकच हट्ट धरला. माशाची डावी बाजू काढायची आणि उजवीही काढायची. पेटी मुद्दाम अरुंद करून घेतलेली, मासा आत वळू शकत नाही. आधी डावीकडे बसून कागदाच्या एका अंगाला चित्र, मग उठून पेटीच्या पलीकडे जायचं, कागद उलटा करायचा आणि दुसऱ्या अंगाला दुसरी बाजू. मापाला माप. अर्ध्या हाताचा मासा तर अर्ध्या हाताचं चित्र.

तुम्ही म्हणाल, बाजू बाजूत काय फरक? मीही तेच म्हणाले होते. मामांनी घरी नेलं आणि दाखवलं.

त्यांच्या घरी चित्रं भिंतीवर नव्हती. भिंतीवर लावलं की एक बाजू मेली, असं त्यांचं म्हणणं. खोलीत आडव्या दोऱ्या बांधलेल्या, त्यांना कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगलेली, वर पंखा. पंखा लावला की सगळा तलाव खोलीत फिरायला लागायचा. रोहू, कटला, चिलापी, वाम, गोल गोल फिरतायत आणि आपण मान खाली घालून त्यांच्यातून वाट काढतोय. मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "बसाया जागा करा की तिला. मासे बाजूला घ्या."

ते मासे सुंदर होते असं मी म्हणणार नाही. सुंदर हा शब्द पडद्यांना आणि पायपुसण्यांना ठेवा. ते मासे वैतागलेले होते. जेवणाऱ्या माणसाचा कुणी अचानक फोटो काढावा, तसा वैताग प्रत्येकाच्या डोळ्यात होता, आणि प्रत्येकाचा निराळा. एका कटल्याच्या उजव्या अंगाला बगळ्याच्या चोचीचा खळगा होता. डाव्या अंगानं तो सुखवस्तू दिसायचा, कारखानदार असल्यासारखा. पंख्यानं उलटा झाला की एकदम कुणीतरी मारलेला. मी तिथंच ठरवलं की हे चित्र आपल्या पत्रकावर पाहिजे.

मामा मासे खायचे, हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्यांना साधू कराल. मामी बाजारातून आणायच्या, तिखटजाळ कालवण करायच्या, आणि मामा बोटं चाटून खायचे. मी छेडलं तर म्हणाले, "ह्या माशाची माजी वळख न्हाय."

आता मरळीकडे येते.

मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा लांबट मासा. पाण्यात राहतो, पण हवा घ्यायला वर येतो. ओल्या चिखलातून सरपटत जातो. पाणी आटलं तर गाळात दडून बसतो. आमच्या तलावात एक मोठी मरळ होती, खालचा ओठ एका अंगाला वाकलेला, कधीतरी कुणाच्यातरी गळातून फाटून निसटलेली. मामा तिच्या मागे किती वर्षं होते ते मामीच जाणे. मी फक्त ती सापडलेली सकाळ पाहिली.

मी पत्रकांसाठी चित्र मागायला गेले होते आणि मामांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. पेटीत मरळ होती. पेटीवर ओला टॉवेल टाकलेला. मामांचा ब्रश चालला होता आणि तोंडानं "दा बिड्डा, दा" असं पुटपुटणं. दा म्हणजे ये, बिड्डा म्हणजे लेकरू. मलाही ते बिड्डाच म्हणायचे, त्यामुळे मी दोनदा "काय?" म्हणून पुढं झाले.

डावी बाजू पूर्ण झाली होती. पाठीचा शेवाळी काळा रंग, कुशीवरचे डाग, पोटाकडे उतरत जाणारा पिवळसरपणा. मामा उठले, पलीकडे गेले, कागद उलटा केला. तेवढ्यात बांधावर सरकारी जीप आली. मोजणीची माणसं उतरली, टेप, झेंड्या, चुन्याची पोती. ड्रायव्हरनं सायकल बाजूला घ्या म्हणून हॉर्न वाजवला. मामांनी मान वळवली. मी तर तावातावानं जीपकडेच निघाले होते. मागं काच वाजली, टॉवेल उडाला. मरळ पेटीबाहेर पडली, चिखलावरून सापासारखी गेली आणि पाण्यात शिरली.

मामा कागदाची कोरी बाजू वर धरून उभे होते. आईशप्पथ सांगते, त्या माणसांनी तलाव मोजला, चुन्याच्या रेघा मारल्या, जीप निघून गेली, तरी ते तसेच उभे होते.

"आठवणीतनं काढा ना मामा," मी म्हणाले. "पाहिली ना तुम्ही."

"मग चादरच इनतो की," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त उडालं. आणि त्याच दिवसापासून आमचा तलावही जायला लागला. सुशोभीकरण. हा शब्द ज्यानं शोधला त्याला एकदा आमच्या वस्तीत आणून बसवा. तलावातलं सगळं पाणी पंपानं उपसायचं, गाळ काढायचा, सगळ्या काठांनी काँक्रीटची भिंत, त्यावर फरशीची वाट, मधोमध रंगीत कारंजं. बाया कपडे धुतात ती जागा बंद, म्हशी उतरतात ती जागा बंद. मासे? माशांचा कागदावर उल्लेखच नव्हता. मी ते कागद मागवून वाचलेत. झाडं होती, दिवे होते, बाकडी होती.

आम्ही मंडप टाकला. मामांना मी रोज बोलवायची आणि मामा रोज यायचे, पण बसायचे नाहीत. आले, सतरंजीवर टेकले, चार घोषणा होईपर्यंत कसेबसे थांबले, की उठले. काय झालं? "बघून येतो." परत आले, परत उठले. पंपाचा आवाज सुरू झाल्यापासून तर त्यांना एका जागी ठेवणं अशक्य झालं. काल या काठाला, आज त्या काठाला, गळाला सकाळी गांडूळ, दुपारी कणीक, संध्याकाळी बेडूक. जेवायला घरी नाहीत. मामी मंडपात येऊन मला विचारायच्या, "आमचं माणूस तुज्या आंदोलनात हाय का?" मी म्हणायची, "नावाला आहे."

त्यात पत्रकाचा घोळ झाला. कटल्याऐवजी शेवटी मरळीची डावी बाजू मी मागून घेतली होती. छापखान्यात तिचं तोंड मजकुराच्या उलट दिशेला येत होतं, मासा घोषणेकडे पाठ करून चाललाय असं दिसत होतं. तिथल्या माणसानं चित्र आरशासारखं फिरवलं. आता मरळ घोषणेकडे बघत होती. मला ते योग्य वाटलं, अजूनही वाटतं. पत्रक लोकांनी वाचायला असतं.

मामांनी पत्रक हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"ही कोन?"

"तुमचीच मरळ की मामा."

"हिचा ओट ह्या अंगाला कुटं हाय? मी न बगितलेली बाजू तुमी छापली. मला दावा तर, कुटं घावली."

"लोकांना काय कळणार आहे त्यातलं?"

"तिला कळंल."

मंडपातली सगळी हसली. मामा नाही हसले. जाताना पत्रकांचा एक गठ्ठा मात्र घेऊन गेले. मला वाटलं, राग गेला, वाटतील घरोघर. दुसऱ्या दिवशी काठावर पाहिलं तर त्यात ओली माती आणि गांडुळं बांधलेली.

पण खरा दगा पुढंच होता. एका वाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन आला. आम्ही त्याला किती दिवस फोन करत होतो. मी मामांना समोर बसवलं, मागं चित्रांची दोरी बांधली, सगळं समजावून सांगितलं. या तलावातला प्रत्येक मासा यांनी ओळखीनं काढलाय, असं मी बोलले. कॅमेरावाल्यानं विचारलं, "आजोबा, तलाव उपसायला नको, असं तुमचं म्हणणं आहे ना?"

मामांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती, आणि मी त्यांना ती वेळेवर लावली नाही.

"उपसू द्या की," ते म्हणाले. "पानी कमी झालं की घावंल ती."

संध्याकाळी तेवढंच दाखवलं. 'स्थानिक मच्छीमाराचा पाठिंबा' अशी पट्टी खाली. मी मामांच्या घरी गेले आणि दारातच सुरू झाले. काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला तलावाचं काही नाही, लोकांचं काही नाही, एका माशासाठी तुम्ही सगळी वस्ती विकली, असं म्हटल्याचं आठवतं. मामी मधे पडल्या नाहीत. मामा जमिनीवर बसून गळाचा दोरा सोडवत होते. सोडवता सोडवता म्हणाले, "मी त्याला काय खोटं बोललो?"

नव्हते बोलले. म्हणूनच मला जास्त राग आला. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

पाणी उतरत गेलं. आधी घाटाच्या सगळ्या पायऱ्या दिसल्या, मग कुणाची तरी जुनी मोटारसायकल, मूर्ती, टायर. शेवटी मधोमध एक डबकं उरलं आणि सगळा तलाव त्यात येऊन कोंबला गेला. ज्या दिवशी डबकं राहिलं त्या दिवशी सगळी वस्ती आत उतरली. साड्या, मच्छरदाण्या, घमेली, प्लास्टिकचे क्रेट. मासे पाण्यात मावत नव्हते, एकमेकांच्या पाठीवर उड्या मारत होते. लोक हसत होते, पोतीच्या पोती भरत होते. मंडपात बसून 'आमचा तलाव' म्हणणारेही होते त्यात, मी नावं घेत नाही. माझा चुलताही होता.

त्या गर्दीत मामा होते. हातात काठी आणि गळ. गुडघाभर चिखलात उभं राहून त्या डबक्यात गळ टाकून बसलेला एकटा माणूस. कुणीतरी ओरडलं, "मामा, हातानं धर की बे, हितं गळ कशाला?" मामांनी ऐकलं नाही. आजूबाजूला माणसं त्यांच्या ओळखीचे मासे शेपटीला धरून पोत्यात फेकत होती. मी काठावरून पाहत होते. मामा एकेका माशाकडे बघायचे, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे, आणि मान फिरवायचे.

मग त्यांनी काठी टाकली. डबक्यापासून बाजूला, जिथं नुसता गाळ होता तिथं गेले, ओणवे झाले आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत चिखलात घातले. एक जागा, दुसरी जागा, पुढं, मागं. माणूस बांगडी शोधताना करतो तसं. बऱ्याच वेळानं ते थांबले आणि हळूच सरळ झाले. पोटाशी चिखलाचा एक लांब गोळा धरलेला. गोळा हलत होता.

ते काठाकडे आले तेव्हा मला वाटलं आता पेटी मागतील, रंग मागतील. त्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं. पेटी सायकलवर तयार होती, पाणी भरलेली. मी अबोला विसरून टॉवेल काढला. मामांनी मरळ पेटीत सोडली. चिखल खाली बसला. वाकडा ओठ, तीच ती.

मामा पलीकडे गेले. उजव्या बाजूला बसले. कागद काढला. ब्रश हातात घेतला आणि मग मान वर करून त्यांनी तलावाकडे पाहिलं.

"बिड्डा," ब्रश खाली ठेवत ते म्हणाले, "आता हिला सोडायचं कुटं?"

मीही तिकडे पाहिलं. या माणसानं आयुष्यात जेवढे मासे धरले तेवढे त्याच पाण्यात परत सोडले होते. पाणी कमी झालं की ती सापडेल, एवढंच त्यानं बघितलं होतं. सापडल्यावर पाणी नसेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. तुम्ही त्यांचा चेहरा पाहायला हवा होता. मला तो पाहवला नाही, म्हणून मी फोन काढला आणि सलीमभाईंना लावला.

सलीमभाईंचा तीनचाकी टेम्पो आमच्या मंडपाचं सामान वाहायचा. गावाबाहेर अक्कलकोटच्या रस्त्याला त्यांची थोडी जमीन आणि एक दगडी विहीर. टेम्पोत निळा ड्रम ठेवला, पाणी भरलं, त्यात मरळ, वर मामांचा टॉवेल. सलीमभाईंनी ड्रममध्ये डोकावून पाहिलं.

"क्या मामू, सासरी सोडाय निघालाव काय हिला?"

मामा ड्रमला मिठी मारून बसले होते. खड्डा आला की नुसतं "हळू, सलीम, हळू" म्हणायचे.

विहिरीवर पोचल्यावर मीच म्हणाले, "मामा, सोडायच्या आधी काढून घ्या. पाच मिनिटं लागतील, सलीमभाई थांबतील."

मामांनी टॉवेल उचलला. मरळ कोळशासारखी काळी पडली होती. कुशीवरचे डाग गायब.

"भ्यालीय," ते म्हणाले. "हे तिचं तोंड न्हाय. असं तोंड कुनाचं काडू नये."

आणि पायऱ्या उतरून त्यांनी तिला सोडून दिली.

पुढचे कित्येक महिने मामा त्या विहिरीवर होते. सायकलनं जायचे, ऊन चढल्यावर परत यायचे. स्वतः सोडलेला मासा धरायला रोज जाणारा माणूस, सलीमभाईंना तर चेष्टेला विषयच मिळाला. "मामू, पुढच्या टायमाला मला सांगा, मी घरीच पकडून ठेवतो." मामा आता मंडपाचं विचारायचे. मंडप केव्हाच उठला होता, आम्ही ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत होतो. मी सांगितलं की ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "माज्या त्या बोलन्यानं नुकसान झालं काय तुमचं?" मी खरं सांगायची, थोडं झालं. ते मान डोलवायचे आणि उठून उगाच घरात फेऱ्या मारायचे.

उन्हाळ्याच्या शेवटी मरळ लागली. मी तिथं नव्हते; चित्र काढून मामांनी तिला परत विहिरीतच सोडलं, तलाव अजून कोरडा होता. चित्र पाहायला गेले तेव्हा मामी म्हणाल्या, "बग बाई, आता तरी ह्यांचा पाय घरात ठरंल."

दोरीवर तो कागद टांगलेला होता. एका अंगाला तलावातली मरळ, शेवाळी, पिवळसर पोटाची. दुसऱ्या अंगाला विहिरीतली. रंग गडद झालेला, पाठ निळी काळी, डोळा मोठा वाटणारा, कुशीला दगडाला घासल्याचा पांढरा ओरखडा. पंखा चालू होता. कागद फिरत होता आणि दर वेळी वाटायचं की दुसराच मासा आला.

"रंग जुळला नाही मामा," मी म्हणाले. नंतर वाटलं, असं बोलायला नको होतं.

"पानी निराळं की," ते म्हणाले. "जे दिसलं ते काडलं. माजं काम झालं. तिचं ऱ्हायलं."

"तिचं काय राहिलं?"

"घरी जायचं."

पावसाळ्यात तलाव भरला. भिंत अर्धी झाली होती, ठेकेदार अर्धं काम टाकून गेला होता, कारंज्याचा नुसता लोखंडी सांगाडा पाण्यात उभा. पण पाणी आलं होतं. काठाला रेलिंग, रेलिंगला पाटी, 'मासेमारीस व पाण्यात उतरण्यास सक्त मनाई'. मामांनी पाटी वाचली, मागं जाऊन तिची दुसरी बाजूही पाहिली, आणि मला विचारलं, "सोडायला मनाई हाय का?"

सोडण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

पण मरळ आता लागेना. ती हुशार झाली होती की विहिरीतले बेडूक तिला पुरत होते, कोण जाणे. सलीमभाईंनी एकदा जाळं टाकलं, तर ती दगडांच्या कपारीत शिरली. मामा म्हणाले, परत जाळं टाकायचं न्हाय, ती भिती. थंडी पडायला लागली तरी ते जात होते. मामी मफलर गुंडाळून द्यायच्या, तो सायकलच्या हँडलला लटकलेला असायचा. एका सकाळी निघायच्या तयारीत होते, पायात चप्पल होती, आणि दारातच खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

दहाव्याला त्यांचा मुलगा आला होता भिवंडीहून. चांगला माणूस आहे. दोरीवरची चित्रं बघून म्हणाला, चांगल्या फ्रेमा करून भिंतीला लावतो. मामी आणि मी एकदमच "नको" म्हणालो, तो दचकला. मामींनी मग आतून काठी आणली, गळ आणला, गांडुळांचा डबा आणला, आणि माझ्या हातात दिला. "मला काय येत न्हाय त्यातलं," मी म्हणाले. "त्यास्नी तरी कुटं येत होतं सुरवातीला," मामी म्हणाल्या.

म्हणून आता विहिरीवर मी जाते. आठवड्यातून जमेल तसं. तलावाच्या रेलिंगला मागच्या बाजूनं जिथं माणूस आत शिरेल एवढी फट आहे ती मी बघून ठेवलीय, आणि परवानगी मी कुणाला मागणार नाही. फक्त मरळ लागली पाहिजे. मला बसता येत नाही. आजही विहिरीच्या पायरीवर बसून अर्धा तास झाला नसेल, खिशात फोन थरथरत होता, दुपारची बैठक डोक्यात चालली होती, एका अधिकाऱ्याला काय सुनवायचं ते मी मनात जुळवत होते. सलीमभाई वरून कठड्याला टेकून बघत होते.

"बेटी," ते हळूच म्हणाले, "पाय नको हलवू. तिला समजतंय."

मी खाली पाहिलं. माझा पाय हलत होता. तो थांबवला. पाण्यावर गळाच्या दोऱ्याचं बूच तरंगत होतं, आणि बुचाच्या पलीकडे, कपारीजवळ, काहीतरी वर आलं, हवेचा एक घोट घेतला, आणि तिथंच थांबून राहिलं.